शिडांसाठी नट झालेला तांडेल

‘गॉडफादर’ पाहिलेल्या कुणालाही कॅप्टन मॅक्लस्की आठवतो. न्यूयॉर्कच्या पोलिसदलातला हा लाचखाऊ अधिकारी मायकेल कॉर्लिओनीचा जबडा फोडतो आणि पुढे एका लहानशा इटालियन खाणावळीत जेवता जेवता त्याच मायकेलच्या गोळीने मरतो. पडद्यावर तो मोजकी मिनिटंच असतो, पण त्याचं धूड टेबलाशी बसलं की ती खोली अपुरी वाटू लागते. ही भूमिका करणाऱ्या स्टर्लिंग हेडनचं नाव मात्र मार्लन ब्रँडो आणि अल पचिनो यांच्या मागे झाकलं जातं. त्याचं त्याला वाईट वाटलं असतं असं नाही. आपण मुळात खलाशी आहोत, नटाचं काम फक्त पैशांसाठी करतो, हे तो जन्मभर सांगत आला.

१९४१ ते १९८२ या काळात हेडनने पन्नासहून अधिक चित्रपटांत कामं केली. जॉन ह्यूस्टन, निकोलस रे, स्टॅन्ली क्युब्रिक, फ्रान्सिस फोर्ड कोपोला, रॉबर्ट ऑल्टमन, बेर्नार्दो बेर्तोलुची अशा दिग्दर्शकांनी त्याला बोलावलं. दुसऱ्या कुणी हीच यादी अभिमानाने मिरवली असती. हेडनच्या आत्मचरित्रात चित्रपटांना फारच थोडी जागा मिळाली आहे आणि जहाजांना भरपूर. त्या दोहोंच्या मधे, पानापानाला डोकावत राहतो तो १० एप्रिल १९५१ हा दिवस. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये एका चौकशी समितीपुढे बसून त्याने आपल्या जुन्या साथीदारांची नावं सांगितली. त्या साक्षीमुळे त्याला कामं मिळत राहिली आणि त्याच साक्षीमुळे त्या कामांबद्दलचा त्याचा तिटकारा वाढत गेला. हेडनचं चरित्र समजून घ्यायचं तर हे दोन्ही एकत्र पाहावं लागतं.

शाळा सोडून समुद्रावर

त्याचा जन्म २६ मार्च १९१६ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या माँटक्लेअर इथे झाला. जन्मनाव स्टर्लिंग रेल्या वॉल्टर. नऊ वर्षांचा असताना वडील वारले, आईने दुसरं लग्न केलं आणि सावत्र वडिलांचं हेडन हे आडनाव त्याला मिळालं. कुटुंबाची परिस्थिती बेताची होती. बिऱ्हाड न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर या गावातून त्या गावात फिरत राहिलं. शाळेत त्याचं मन कधी रमलं नाही. सोळा-सतराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि शिडाच्या जहाजावर नोकरी धरली.

हा १९३०च्या दशकाचा काळ. मालवाहतूक केव्हाच वाफेच्या आणि डिझेलच्या जहाजांकडे गेली होती, पण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, विशेषतः ग्लॉस्टर बंदरात, मासेमारीच्या शिडांच्या स्कूनर अजून तग धरून होत्या. न्यूफाउंडलंडच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रपट्ट्यात कॉड मासा पकडायला जाणारी ही जहाजं. थंडी, धुकं, बर्फाळ वारा आणि बारा-चौदा तासांचं काम. हेडन तिथे राबला. मग ‘यँकी’ या प्रसिद्ध स्कूनरवरून अर्व्हिंग जॉन्सन या कप्तानाच्या हाताखाली त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. बावीस वर्षांचा असताना तो स्वतः एका जहाजाचा तांडेल झाला आणि ‘फ्लॉरेन्स सी. रॉबिन्सन’ नावाचं शिडाचं जहाज त्याने थेट ताहितीला नेऊन पोचवलं. दक्षिण पॅसिफिकचं वेड त्याला इथे लागलं, ते शेवटपर्यंत गेलं नाही.

१९३८च्या ऑक्टोबरमध्ये ग्लॉस्टरची ‘गर्ट्रूड एल. थीबॉ’ आणि कॅनडाची ‘ब्लूनोज’ या दोन स्कूनरमध्ये शर्यत झाली. ‘ब्लूनोज’ ही कॅनडाची लाडकी. तिचं चित्र आदल्याच वर्षी त्या देशाच्या दहा सेंटांच्या नाण्यावर आलं होतं. शर्यत तिनेच जिंकली. ‘थीबॉ’च्या खलाशांत हेडन होता. शर्यतीची बातमी करायला आलेल्या पत्रकारांच्या नजरेत हा ६ फूट ५ इंच उंचीचा, सोनेरी केसांचा, डोलकाठीवर चढलेला तरुण भरला, आणि मासेमाऱ्यांमधला हा पोरगा सिनेमातल्या नायकासारखा दिसतो अशी बातमी छापून आली. पुढे ओळखीतून ओळख निघाली, दिग्दर्शक एडवर्ड एच. ग्रिफिथ यांनी त्याची चाचणी घेतली आणि १९४०मध्ये पॅरामाउंट कंपनीने त्याच्याशी करार केला. हेडनच्या डोक्यात हिशेब सरळ होता. स्वतःचं जहाज घ्यायचं तर पैसा हवा, आणि इतका पैसा इतक्या लवकर दुसरीकडे कुठे मिळणार?

करारातला नायक

त्या काळचं हॉलिवूड कसं चालत होतं हे इथे लक्षात घ्यायला हवं. नट हा मोठ्या स्टुडिओचा पगारी नोकर असे. करार सहसा सात वर्षांचा. कोणता चित्रपट करायचा, केस कसे ठेवायचे, मुलाखतीत काय बोलायचं, सगळं स्टुडिओ ठरवी. नटाने भूमिका नाकारली तर पगार बंद आणि ते दिवस करारात वाढवून घेतले जात. नवा चेहरा आला की प्रसिद्धी विभाग त्याच्यावर एक बिरुद चिकटवी. पॅरामाउंटने हेडनला ‘चित्रपटसृष्टीतला सर्वांत देखणा पुरुष’ ठरवून टाकलं. अभिनयाचा एकही धडा न घेतलेला, नाटकाच्या रंगमंचावर कधी पाय न ठेवलेला हा गडी ‘व्हर्जिनिया’ (१९४१) या पहिल्याच चित्रपटात मॅडलिन कॅरोलसमोर उभा राहिला. ती तेव्हाची मोठी तारका. हिचकॉकच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ची नायिका. दोघांनी लगेच ‘बहामा पॅसेज’ केला आणि १९४२मध्ये लग्नही केलं.

दोन चित्रपट झाले आणि हेडन स्टुडिओ सोडून निघाला. युद्ध पेटलं होतं. ब्रिटनमध्ये कमांडो प्रशिक्षण घेताना त्याचा घोटा मोडला, म्हणून तो अमेरिकेत परतला. मग तो मरीन दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. पडद्यावरच्या नावाचं लोढणं गळ्यात नको म्हणून त्याने कायदेशीररीत्या आपलं नाव जॉन हॅमिल्टन असं बदलून घेतलं. पुढे अधिकारी झाल्यावर त्याची नेमणूक ओएसएस या गुप्तचर संघटनेत झाली. सीआयएची ही पूर्वज संस्था.

कामही त्याच्या अंगाला मानवणारं मिळालं. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात, जर्मन गस्तीचा डोळा चुकवून, एड्रियाटिक समुद्रापार युगोस्लाव्हियातल्या पार्टिझन सैनिकांना शस्त्रं आणि रसद पोचवायची. हे पार्टिझन टिटोच्या नेतृत्वाखाली लढत होते आणि ते साम्यवादी होते. अंगावर धड कपडे नाहीत, पायात बूट नाहीत, तरी नाझींशी दोन हात करणारी ही माणसं पाहून हेडन भारावून गेला. अमेरिकन लष्कराने त्याला ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक दिलं, टिटोच्या सरकारनेही त्याचा गौरव केला. कॅप्टनच्या हुद्द्यावर असताना डिसेंबर १९४५मध्ये तो सैन्यातून मोकळा झाला.

सहा महिने आणि एक दिवस

परत आल्यावर हॉलिवूडमधली जलतरण तलावाकाठची आयुष्यं त्याला पोकळ वाटू लागली. मॅडलिनशी त्याचा घटस्फोट १९४६मध्ये झाला. त्याच वर्षाच्या मध्यावर तो अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य झाला. युगोस्लाव्हियात पाहिलेल्या माणसांची ओढ हे त्यामागचं मुख्य कारण. पण इथे बैठका होत्या, चर्चा होत्या, वाचायला जाडजूड पुस्तकं होती आणि हेडनला बैठकीत बसणं कधीच जमलं नाही. वर्षअखेरीला तो पक्षातून बाहेर पडला. सारा मामला सुमारे सहा महिन्यांचा.

एवढ्याशा सदस्यत्वाची किंमत काय होणार, हे १९४७मध्ये दिसू लागलं. अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची एक समिती होती, अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणारी. तिने हॉलिवूडकडे मोर्चा वळवला. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य आहात का, किंवा पूर्वी कधी होता का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला दहा लेखक-दिग्दर्शकांनी नकार दिला. संसदेच्या अवमानाबद्दल ते पुढे तुरुंगात गेले. १९४७च्याच नोव्हेंबरमध्ये मोठ्या स्टुडिओंच्या मालकांनी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात बैठक घेऊन, या दहा जणांना आणि यापुढे कोणत्याही कम्युनिस्टाला काम देणार नाही असं जाहीर केलं. काळी यादी ती हीच. ती एका कागदावर कुठे लिहिलेली नव्हती. फोन येणं बंद झालं की माणसाने समजून घ्यायचं.

१९५१मध्ये समितीची दुसरी फेरी सुरू झाली, तोवर साक्षीदारापुढचे मार्ग ठरून गेले होते. उत्तर नाकारायचं आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घ्यायचा, तर तुरुंग. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीमागे उभं राहायचं, तर तुरुंग टळे पण काम जाई. तिसरा मार्ग सहकार्याचा. त्यात आपली चूक कबूल करून भागत नसे. बरोबर कोण होतं त्यांची नावं द्यावी लागत. समितीला यांतली बहुतेक नावं आधीच माहीत असत. नावं माहिती म्हणून मागितली जात नव्हती; साक्षीदार शरण आला याची पावती म्हणून मागितली जात होती. मार्च १९५१मध्ये लॅरी पार्क्स या नटाने, माझ्याबद्दल हवं ते विचारा पण दुसऱ्यांची नावं घ्यायला लावू नका, अशी विनवणी केली. शेवटी बंद दाराआड त्यानेही नावं दिली आणि तरी त्याची कारकीर्द बुडाली. ही घटना ताजी असताना हेडनची पाळी आली.

हेडन घाबरलेला होता, आणि घाबरण्याची कारणं खरी होती. १९४७मध्ये त्याने दुसरं लग्न केलं होतं, मुलं झाली होती, संसारात भांडणं विकोपाला जात होती. बाप एकेकाळचा कम्युनिस्ट म्हणून बेकार झाला, तर मुलांचा ताबा कुठलं न्यायालय त्याला देणार? कोरियाचं युद्ध सुरू झाल्यावर त्याने वकिलामार्फत आधीच एफबीआयशी संपर्क साधला होता. १० एप्रिल १९५१ रोजी त्याने समितीपुढे पक्षात जाणं हा आपला मूर्खपणा होता असं सांगितलं आणि मागितलेली नावं दिली. समितीने त्याचं कौतुक केलं. वृत्तपत्रांनीही केलं. कामं सुरू राहिली.

काळ्या यादीने लोकांची वाटणी कशी केली ते पाहायला ‘द ॲस्फाल्ट जंगल’ (१९५०) हा एकच चित्रपट पुरे आहे. ह्यूस्टनच्या या चित्रपटाने हेडनला पहिल्यांदा खरा नट म्हणून उभं केलं. जवाहिऱ्याच्या तिजोरीवर दरोडा घालणाऱ्या टोळीतला तो दांडगट, डिक्स हँडली. घोड्यांच्या शर्यतीवर पैसे उधळणारा, केंटकीतलं आपलं हरवलेलं शेत आणि घोडे परत मिळवायची आस धरून असलेला. टोळीचा मेंदू असलेल्या म्हाताऱ्याचं काम सॅम जॅफेने केलं. त्यासाठी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पटकथा ह्यूस्टनच्या बरोबरीने बेन मॅडोने लिहिली. पैशांचा व्यवहार पाहणाऱ्या बुकीच्या भूमिकेत मार्क लॉरेन्स होता. पुढच्या वर्षभरात काय झालं? हेडन आणि लॉरेन्स यांनी समितीपुढे नावं दिली. जॅफे आणि मॅडो काळ्या यादीत अडकले. एकाच पडद्यावर शेजारी उभी असलेली ही माणसं अशी दोन कडांना फेकली गेली. त्याच चित्रपटात एका लहान भूमिकेत दिसलेली मेरिलिन मन्रो मात्र तिथून वर चढत गेली.

१९५०चं दशक: कामं पुष्कळ, मन कुठेच नाही

साक्षीनंतरच्या सात-आठ वर्षांत हेडनने चित्रपटांचा रतीब घातला. पाश्चात्त्य घोडेस्वारपट, युद्धपट, पोलीसपट, जे येईल ते. यातले बरेच आज विसरले गेले आहेत आणि ते योग्यच आहे. पण काही चित्रपटांत हेडनच्या आयुष्यातली गाठ जणू पटकथेतच मारलेली दिसते.

निकोलस रेचा ‘जॉनी गिटार’ (१९५४) घ्या. वरवर पाहिलं तर भडक रंगांतला घोडेस्वारपट. जोन क्रॉफर्ड दारूच्या गुत्त्याची मालकीण व्हिएन्ना. हेडन तिचा जुना प्रियकर, गिटार घेऊन फिरणारा, एकेकाळचा बंदूकबाज. गावातले प्रतिष्ठित लोक काळे कपडे घालून, टोळी जमवून व्हिएन्नाला संपवायला निघतात. टर्की नावाचा जखमी पोरगा त्यांच्या हाती लागतो. बँकेच्या लुटीत व्हिएन्ना सामील होती असं सांग, तुझा जीव वाचेल, असं आश्वासन त्याला मिळतं. पोरगा भीतीपोटी तिचं नाव घेतो. तरी त्याला फाशी देतात. हे प्रकरण समितीच्या कारभारावरचं रूपक आहे असं समीक्षक फार दिवसांपासून म्हणत आले. या टोळीचा पुढारी झालेला वॉर्ड बाँड प्रत्यक्ष जीवनातही हॉलिवूडच्या कट्टर साम्यवादविरोधी संघटनेचा पुढारी होता. आणि व्हिएन्नाच्या गळ्यातला फास तोडणारा नायक म्हणून हेडन, ज्याने तीन वर्षांपूर्वी टर्कीचंच काम खऱ्या समितीसमोर केलं होतं. अमेरिकेतल्या समीक्षकांनी या चित्रपटाला त्या वेळी फारसं मानलं नाही. फ्रान्समध्ये त्रुफो आणि गोदार या समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

१९५८चा ‘टेरर इन अ टेक्सास टाउन’ हा असाच एक विचित्र नमुना. यात हेडन स्वीडनहून आलेला देवमासे मारणारा खलाशी आहे आणि शेवटच्या द्वंद्वात तो पिस्तूलबाजासमोर चक्क हार्पून, म्हणजे देवमाशावर फेकायचा भाला, घेऊन उभा राहतो. पटकथा डाल्टन ट्रंबोची. हा तुरुंगात गेलेल्या त्या दहा जणांपैकी एक. म्हणून श्रेयनामावलीत दुसऱ्याच लेखकाचं नाव आलं. ज्याने नावं दिली तो नट आणि ज्याचं नाव छापायची बंदी तो लेखक एकाच चित्रपटात काम करत होते.

या दशकातलं त्याचं सर्वांत चांगलं काम क्युब्रिकच्या ‘द किलिंग’मध्ये (१९५६) आहे. क्युब्रिक तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, फारसा कुणाला माहीत नसलेला. चित्रपटाचा खर्च सुमारे ३,२०,००० डॉलर. हेडनने ४०,००० डॉलरवर काम करायचं कबूल केलं, तेव्हा कुठे युनायटेड आर्टिस्ट्सने पैसे घातले. म्हणजे त्याच्या नावाला बाजारात तेवढी किंमत अजून होती. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचा दरोडा, आणि तोच काही तासांचा काळ वेगवेगळ्या माणसांच्या बाजूने पुन्हा पुन्हा सांगण्याची पद्धत. पुढे क्वेंटिन टॅरंटिनोसारख्यांनी ती उचलली. हेडन इथे योजना आखणारा जॉनी क्ले आहे. वाक्यं भराभर, सपाट आवाजात, हुकूम सोडल्यासारखी बोलतो. शेवटी विमानतळावर सामानाच्या गाडीवरून पेटी पडते, उघडते आणि लुटलेल्या नोटा पंख्याच्या वाऱ्याने धावपट्टीवर उडून जातात. जॉनी पळू शकला असता, तो पळत नाही.

हेडनचा अभिनय चांगला का वाटतो, हे इथे नेमकं पकडता येतं. त्या काळात न्यूयॉर्कच्या ॲक्टर्स स्टुडिओतून ब्रँडोसारखे नट येत होते, भावना आतून उकरून काढण्याचं शिक्षण घेऊन. हेडनकडे यातलं काही नव्हतं. तो संवादातल्या भावनेवर जोर देत नाही, तिला वाट सोडून बाजूला उभा राहतो. खांदे थोडे पुढे झुकलेले, नजर समोरच्या माणसाच्या पलीकडे कुठेतरी. आपण इथे का आहोत असा प्रश्न पडलेला माणूस तो सतत दिसतो. दरोडेखोराच्या भूमिकेत हे शोभून दिसतं, कारण ‘फिल्म नुआर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळोख्या गुन्हेपटांतले नायक असेच असतात. चुकीच्या कामात नाइलाजाने शिरलेले, हे शेवटचं म्हणून करणारे, आणि हाती आलेला पैसा घेऊन दूर कुठेतरी जाण्याची स्वप्नं पाहणारे. डिक्सला केंटकी हवं होतं, हेडनला ताहिती.

न्यायालयाला न जुमानता

दुसरं लग्नही मोडलं. चार मुलांचा ताबा बापाला मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात मोठ्या जहाजांना वाट दाखवणारे पायलट त्यांच्यापर्यंत पोचवण्यासाठी १८९३मध्ये बांधलेली एक जुनी स्कूनर हेडनकडे होती. मूळ नाव ‘ग्रेसी एस.’, आताचं ‘वाँडरर’. या जहाजातून मुलांना घेऊन ताहितीला जायचं त्याने ठरवलं. मुलांच्या आईने न्यायालयात धाव घेतली. जहाज जुनं आहे, मुलांच्या जिवाला धोका आहे असं सांगितलं. न्यायालयाने मनाई केली. जानेवारी १९५९मध्ये हेडनने ती मनाई धाब्यावर बसवून शिडं उभारली आणि मुलांसह तो सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून बाहेर पडला.

वृत्तपत्रांना महिनोन्महिने पुरेल असा हा मजकूर होता. जहाज सुखरूप पोचलं, पुढे सगळे सुखरूप परतही आले. पण या प्रवासावर चित्रपट करायचा म्हणून रिपब्लिक पिक्चर्सने पैसे दिले होते आणि चित्रपट झाला नाही. जवळपास ५०,००० डॉलर परत करण्याचा आदेश न्यायालयाने त्याला दिला. या प्रवासाला स्वातंत्र्याची झेप म्हणायचं की मुलांना वेठीला धरणारा बेदरकारपणा, हे ठरवणं सोपं नाही. ज्या मुलांचा ताबा जाईल या भीतीने त्याने आठ वर्षांपूर्वी मान तुकवली, त्याच मुलांसाठी यावेळी त्याने मान ताठ ठेवली, एवढं मात्र दिसतं.

नंतरची काही वर्षं त्याने चित्रपट केलेच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटो गावी ‘बर्कली’ नावाची सेवानिवृत्त फेरीबोट धक्क्याला बांधून ठेवलेली होती. तिच्या सुकाणूघराची खोली भाड्याने घेऊन तो लिहायला बसला. ‘वाँडरर’ हे आत्मचरित्र १९६३मध्ये आलं. ताहितीचा प्रवास, ग्लॉस्टरचे दिवस, युद्ध, हॉलिवूड हे सगळं त्यात मागेपुढे गुंफलेलं आहे. नटाने लिहिलेल्या पुस्तकात वाचकाला तारकांच्या गोष्टी हव्या असतात. इथे त्याला एक माणूस स्वतःवर खटला चालवताना भेटतो. साक्षीच्या दिवसापासून आपल्याला स्वतःबद्दल किती घृणा वाटत आली आहे, हे हेडनने त्यात आडपडदा न ठेवता लिहिलं. त्यावेळी समितीचा दरारा ओसरला होता, पण नावं देणाऱ्यांपैकी बहुतेक जण गप्प होते किंवा आपली बाजू मांडत होते. उघडपणे, कुणी विचारलं नसताना, मी चुकलो असं म्हणणारे फार थोडे. हेडनने सबबी सांगितल्या नाहीत असं नाही. मुलं, पैसा, सल्लागार, सगळ्यांचा उल्लेख आहे. पण शेवटचा निकाल त्याने स्वतःविरुद्धच दिला.

म्हातारपणीचे दांडगे

पुस्तक येत होतं त्याच सुमारास क्युब्रिकने त्याला पुन्हा बोलावलं. ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) हा अणुयुद्धावरचा काळा विनोदी चित्रपट. हेडनची भूमिका जनरल जॅक डी. रिपरची. कम्युनिस्टांनी पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळून अमेरिकनांच्या शरीरातले द्रव दूषित करायचा कट रचला आहे, या खात्रीपायी तो वरिष्ठांना न विचारता सोव्हिएत संघावर बॉम्बफेकी विमानं सोडतो. पाण्यातल्या फ्लोराइडमागे साम्यवादी कारस्थान पाहणारे लोक तेव्हाच्या अमेरिकेत खरोखर होते. क्युब्रिकला काही फार कल्पना लढवावी लागली नाही.

चित्रीकरण इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत झालं. इतक्या वर्षांनी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेल्या हेडनची पहिल्या दिवशी पार भंबेरी उडाली. संवाद तोंडात येईनात, घामाने अंग निथळलं, टेक तीसच्या पुढे गेले. त्याने क्युब्रिकची माफी मागितली. तुझ्या चेहऱ्यावरची ही भीतीच कदाचित आपल्याला हवी आहे, आणि नसली तर पुन्हा चित्रित करू, असं दिग्दर्शकाने त्याला सांगितलं, ही आठवण हेडनने पुढे कृतज्ञतेने नोंदवली. पडद्यावर दिसतो तो मात्र खडकासारखा रिपर. तोंडात जाड चिरूट, कॅमेरा हनुवटीच्या खालून, आणि शुद्ध वेडेपणा लष्करी शिस्तीत सांगणारा शांत आवाज. भोवतालचे सगळे विनोद करत असताना हा एकटा गंभीर राहतो, म्हणून विनोद अंगावर येतो. साम्यवादाच्या बागुलबुवापुढे एकदा वाकलेल्या माणसाने त्या बागुलबुवाचं वेड इतक्या आतून रंगवावं, यात दिग्दर्शकाची निवड किती आणि नटाचा अनुभव किती, हे वेगळं काढता येत नाही. या भूमिकेसाठी त्याला ब्रिटिश अकादमीच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. ऑस्करसाठी त्याचं नाव कधीच पुढे आलं नाही.

१९६०च्या दशकाअखेर त्याने हॉलंडमध्ये एक कालव्यातली मालवाहू बार्ज विकत घेतली, फ्रान्समध्ये नेली आणि तीत राहू लागला. दाढी वाढली, दारू वाढली, हशीशची सवय लागली. करखात्याशी त्याची जुनी भांडणं चालूच होती. याच अवस्थेत त्याला उत्तम भूमिका मिळत गेल्या. ‘गॉडफादर’ (१९७२) झाल्यावर ऑल्टमनच्या ‘द लाँग गुडबाय’मध्ये (१९७३) त्याने रॉजर वेड हा बुडीत, मद्यपी लेखक केला. ही भूमिका आधी डॅन ब्लॉकर या नटाला द्यायची होती. तो अचानक वारला म्हणून ती हेडनकडे आली. मालिबूच्या किनाऱ्यावर, ऑल्टमनच्या स्वतःच्या घरात चित्रीकरण. चित्रपटाचा नायक इलियट गुल्डबरोबरचे त्याचे कितीतरी संवाद तिथल्या तिथे सुचलेले आहेत. लिहिता न येणारा, बायकोवर डाफरणारा, क्षणात लहान मुलासारखा होणारा हा म्हातारा शेवटी रात्री समुद्रात चालत जातो आणि बुडतो. इथे हेडन इतका मोकळा दिसतो, की चाळीस वर्षं अभिनय येत नाही म्हणणाऱ्या या माणसावर विश्वास ठेवणं कठीण होतं.

बेर्तोलुचीच्या ‘१९००’मध्ये (१९७६) तो इटलीतल्या एमिलिया भागातला शेतमजुरांचा म्हातारा कर्ता पुरुष झाला, समोर जमीनदाराच्या भूमिकेत बर्ट लँकेस्टर. दिग्दर्शक इटालियन कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य, आणि चित्रपटात लाल झेंड्याखाली उठणाऱ्या मजुरांची बाजू उघडपणे घेतलेली. त्याच वर्षी हेडनची ‘व्हॉयेज’ ही जाडजूड कादंबरी आली, १८९६मधल्या शिडाच्या जहाजावरच्या कष्टकऱ्यांची. १९८०च्या सुमारास दोन जर्मन दिग्दर्शकांनी त्याच्या बार्जवर जाऊन त्याच्यावर माहितीपट केला. त्यातला हेडन पीत बोलतो, बोलत पितो, स्वतःच्या भित्रेपणाचा विषय स्वतःच काढतो. २३ मे १९८६ रोजी सॉसलिटोत कर्करोगाने त्याचं निधन झालं. वय सत्तर.

हेडनची तुलना सहसा दिग्दर्शक एलिया कझानशी केली जाते. कझान त्याच्याहून फार मोठा कलावंत. त्याने १९५२मध्ये नावं दिली, त्याचं समर्थन करणारी जाहिरात वृत्तपत्रात दिली, आणि ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये साक्ष देणाऱ्याला नायक केलं. १९९९मध्ये त्याला सन्माननीय ऑस्कर देण्यात आलं, तेव्हा सभागृहातले काही जण उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि काही जण हाताची घडी घालून बसून होते. ज्यांची नावं दिली गेली त्यांचं काम कझानमुळे बुडालं की हेडनमुळे, याने त्यांना काही फरक पडत नव्हता. पश्चात्तापाने कुणाची नोकरी परत येत नाही. तरीही काळी यादी कशी चालली हे समजायला हेडनची गोष्ट जास्त उपयोगी पडते. ज्यांचं काम गेलं त्यांचं नुकसान मोजता येतं. ज्यांचं काम टिकलं त्यांनी काय गमावलं, हे एखादाच सांगतो, आणि युद्धात पदक मिळवलेला माणूसही एका प्रश्नापुढे कसा मोडतो हे सांगायला त्याहून कमी लोक तयार होतात. हेडनने ते लिहून ठेवलं. त्याला मोठा पुरस्कार कधी मिळाला नाही, त्यामुळे त्याच्यासाठी उठायचं की बसून राहायचं हा पेच कुणाला पडला नाही. तो त्याने स्वतःपुरता केव्हाच सोडवला होता.